पत्ते बघायच्या आधी

शनिवार, भिसेगाव

आज आप्पा आमच्यात खेळायला बसले! आई गेल्यावर मी त्यांना खालापूरहून इथे आणलं, पण जेवण झालं की आपल्या खोलीत. आज संदीपने पोकर शिकवतो म्हणून बसवलंच. पैशांऐवजी चिंचोके.

पत्ते संदीपने वाटले. त्याच्या डावीकडे मी, म्हणून स्मॉल ब्लाइंडचा एक चिंचोका माझा. माझ्यापुढे आप्पा, बिग ब्लाइंडचे दोन त्यांचे.

"पत्ते बघायच्या आदीच टाकायचं? ह्ये काय वो, जावयबापू?"

"तुम्हा दोघांना टाकावेच लागतात, आप्पा. मग आपापली दोन पानं बघून तेवढे भरायचे, वाढवायचे, नाहीतर डाव सोडायचा."

संदीपने दोन भरले. मी आणखी एक घातला. आप्पांना आता नुसतं थांबता आलं असतं. पण पानं न उचलताच त्यांनी सगळे चिंचोके पुढे सारले.

"अगं, तुझ्या आयला तरी लग्नाआदी कुठं बघितली व्हती मी?"

आणि हसले. इतक्या महिन्यांत आईचा विषय पहिल्यांदाच. मीच का नाही कधी काढला?

संदीपने डाव सोडला. मीही सोडला. माझ्याकडे दोन एक्के होते, पण ते कुणालाच दाखवले नाहीत.