उभ्यानं पाहिलेला बाजार

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. मालनअक्कास,
बिभीषणचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई अन् माझ्या पोटात बातमी राहीना, म्हणून कागद घेतला. अक्का, मी चालणार आहे!

मेंढरांना पाला तोडायला लिंबावर चढलो अन् पडलो, तवापासून कमरेखालचं अंग आपलं न्हाई असं मनाला समजावून बसलो होतो. इथल्या केंद्रात एका यंत्राची चाचणी चालू आहे. तपासण्या करून त्यांनी मला घेतलं. पायांना दोन्ही अंगानं पट्ट्या, कमरेला अन् गुडघ्याला मोटारी, पाठीवर बॅटरी. पाय यंत्रानं उचलायचे, तोल मी कुबड्यांवर सांभाळायचा. एक्सोस्केलेटन म्हणतात त्याला. तुझी भावजय सत्यशीला आपली सरळ 'विजेचा पायजमा' म्हणती. हाडं ठिसूळ असली तर घालू देत न्हाईत. माझी मजबूत निघाली, तू चोरून पाजलेल्या दुधाचा गुण!

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा बिभू


कुंभार पिंपळगाव, १८ जानेवारी

चि. बिभीषणास अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या दाजींच्या हातातून हिसकूनच घेतलं. वाचलं अन् पदर खोचून सगळ्या गल्लीत सांगून आले, माझा भाऊ चालत माझ्या दारात येणार म्हणून. दाजी मला येडी म्हणाले, अन् सवता कुदळ घेऊन दारापुढचे दगड काढून राह्यलेत.

पण बाबा, एकदा पडलास तेवढं बस झालं. यंत्राचा काय भरवसा? वीज गेली तर मधीच गुडघे वाकतील का, हे बराबर विचारून घे. तुला लाज वाटत असंल तर सत्यशीलाला विचारायला लाव, ती कुणाला भीत न्हाई. तिला म्हणावं, बिभूच्या नादात उपाशी राहू नको.

खुशाली जल्दी कळव. माझा जीव टांगणीला आहे.

तुझी अक्का


पुणे, २ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

चाललो! मागून एकानं पट्टा धरला होता, समोर रूपाली मॅडम होत्या. त्याच इथं व्यायाम शिकवतात. मोटार घुंइं करून वाजली अन् डावा पाय आपोआप पुढं गेला. भिंतीपर्यंत गेलो. सत्यशीला भिंतीपाशी उभी होती. किती वर्षांनी तिच्या भांगाकडं वरून पाह्यलं! केस पिकलेत तिचे, मला ठाऊकच नव्हतं. मी तसं बोललो तर ती आधी चिडली, मंग तोंड फिरवून रडली.

आता दुसरी गोष्ट. यंत्र घरी मिळणार न्हाई. सपाट फरशीवर, माणूस सोबत असला तरच ते चालतं. आपल्या ढेकळात बिलकुल न्हाई. हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण मीच कानाआड केलं. दोन दिवस जेवलो न्हाई.

मंग मॅडम जवळ येऊन बसल्या. चालून कुठं जायचं होतं, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, मेंढरांच्या बाजारात. चाकाच्या खुर्चीतून मला तिथं लोकांच्या पाठीच दिसतात, जनावर दिसत न्हाई. सौदा दुसरेच करतात. त्या म्हणाल्या, मंग तुम्हाला चालायचं कमी अन् उभं राहायचं जास्त आहे. माणसाला घेऊन उभी राहणारी खुर्ची असती म्हणे. मला ती मिळावी म्हणून त्या खटपट करून राह्यल्या.

गल्लीत काय सांगायचं ते तूच ठरव. राग धरू नको.

तुझा बिभू


कुंभार पिंपळगाव, ९ फेब्रुवारी

चि. बिभीषणास आशीर्वाद.

रडू नको म्हणणार न्हाई, मीपण रडून घेतलं. आता लोकांना तोंड कसं दाखवू, असं आधी वाटलं. मंग माझाच मला राग आला. तू काय माझ्या गल्लीसाठी चालायला गेल्तास?

खुर्ची उभी राहती म्हणजे काय, ते उमगलं न्हाई. दाजी म्हणतात, घसरगुंडी असंल. पट्टे घट्ट बांध. आम्ही दोघं वाट पाहतो.

अक्का


वडीगोद्री, २१ एप्रिल

ती. अक्कास अन् दाजींस सा. न.

घरी आलो, अन् खुर्चीही आली! गुडघ्याला अन् छातीला पट्टा लावायचा, बटण दाबायचं. बसलेला माणूस हळूहळू सरळ होतो. दाजींना सांग, घसरत न्हाई.

आज बाजारात गेलो. सत्यशीलानं खुर्ची मेंढरांच्या दाटीत नेली अन् मी बटण दाबलं. अक्का, समदा बाजार दिसला! पाठी न्हाई, तोंडं दिसली. लोकरीचे रंग, कुठली मेंढी लंगडती, कोण कुणाला डोळा मारतो, समदं.

मेंढरांच्या पल्याड एक परमुलखातला व्यापारी होता. मधी कळप, त्याला माझं छातीवरचंच अंग दिसत होतं. त्याची एक मेंढी मी भाव पाडून मागितली तसा तो उखडला. खांबासारखा उभा राहून काय भाव पाडतो, पाय मोडलेत का, इकडं येऊन दात तपास की, असा खेकसला.

आजूबाजूचे ओळखीचे लोक माझ्या खुर्चीच्या चाकांकडं पाहू लागले. सत्यशीलानं माझ्याकडं पाह्यलं. अन् मला असं हसू फुटलं अक्का, की छातीचा पट्टा करकरला. तीपण हसत सुटली. बिचाऱ्या व्यापाऱ्याला कळंना, आपण असं काय बोललो.

मेंढी त्याच्याकडूनच घेतली. तुम्ही दोघं जल्दी या, माझा जीव तुमच्याकडं लागलाय.

तुझा
बिभू