वसंताचे तारे

प्रिय वसंता,

जन्मभर तुला 'चि.' लिहीत आलो. आज तिथेच हात अडला.

काल तुझी शोभा रोह्याहून आली होती. गणपतीच्या कारखान्याच्या दारात उभी राहून रंगकाम करणाऱ्या पोरींना सांगत होती, "खेळात समोर आपला भाऊ हाय हे दादांना कळलं असतं ना, तर हात छाटून घेतला असता त्यांनी." मी मान खाली घालून ब्रश धूत राहिलो. म्हणून हे पत्र.

कंपनीत शिडीवरून पडलास, कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा तो संगणकावरचा अंतराळातला खेळ तूच मला शिकवलास. मी पेणला, तू रोह्याला खाटेवर. भेट व्हायची ती पडद्यावर. मी झालो इनामी शिकारी. ज्याच्या डोक्यावर इनाम, त्याचं जहाज फोडायचं. तू आधी माल वाहायचास. मग एकटाच निघालास, कुणी न पाहिलेले तारे टिपायला. पाच महिने! तळावर परतून नोंद दिली की त्या ताऱ्यांना कायमचं तुझं नाव लागणार होतं. वाटेत जहाज फुटलं तर सगळं पुसलं जाणार.

फोनवर हसत म्हणालास, "दादा, जन्मभर देवाचे डोळे आखलेस, पण स्वतः बघितलंस काय रे? पेण नि शेजारची रामवाडी."

झोंबलं मला. तुझी शाळा चालावी म्हणून माझी चौथीत सुटली होती. ते तुला आठवायला नको होतं का?

त्या फोननंतर आठवड्याने परतलास. तळाजवळ लुटारूंशी झुंजताना तुझी एक गोळी पहाऱ्याच्या जहाजाला लागली आणि तुझ्याच डोक्यावर इनाम चढलं. माझ्या पडद्यावर नुसता इनामाचा आकडा आला, नाव नाही. कानात तुझा आवाज, "दादा, मी हाय. थांब ना रे. तारे अजून माझ्याकडेच हायत."

दोनदा म्हणालास. मग मी तुझं जहाज फोडलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला.

शोभाचा फोन आला, "हे विचारतायत, दादाला ऐकू गेलं नसेल ना?"

"नाय गो," मी म्हटलं, "डोळ्यांच्या आखणीला बसतो तसाच खेळतो मी. कान बंद."

तुला ते पटलं. मूर्तीचा दुसरा डोळा पुरा होईस्तोवर आखणीवाला कुणाच्या हाकेला ओ देत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलेलं. उलट मलाच निरोप धाडलास, मनाला लावून घेऊ नको म्हणून. संगणकाला मात्र पुन्हा हात लावला नाहीस. महिन्याभरात तापाने गेलास.

इतका कसा रे भोळा तू? एक शिवी तरी हासडायचीस.

मी अजून खेळतो. नेम चांगला बसलाय. बरोबरचे खेळाडू मला गुरुजी म्हणतात.

येत्या रविवारी रोह्याला जातोय, हा शब्द देतो. शोभाला समोर बसवून सांगेन, की तुझी प्रत्येक हाक माझ्या कानात पोचली होती. तुझ्यामागे तिला माझाच काय तो आधार आहे. तोही मीच फोडणार.

तुझा,
दादा