दातांत धरलेला क्रूस

प्रिय तूलिया,

टिक्. पितळ दातांवर आपटल्याचा एवढासा आवाज. मागोमाग तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा फुत्कार, आणि मग मिटल्या ओठांआडून येणारी एक गुणगुण. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी आमच्या सौनात, त्या वाफेच्या लाकडी खोलीत, हे तीन आवाज मी ओळीनं ऐकले आणि घाबरलोच, की या बाईला झालंय तरी काय! एरवी तुझी आजी म्हणजे अखंड वाहणारा ओढा. तिच्या कारेलियाकडची माणसं बोलकी, आमच्याकडची घुमी. मी दिवसभर बस चालवून घरी यायचो तेव्हा माझ्या वाटणीचं बोलणंही तीच बोलून टाकायची. सौनात मात्र चिडीचूप. गळ्यातला क्रूस वाफेनं तापून छातीला चटका द्यायचा, आणि तो काढून ठेवायचा हे तर तिच्या मनातही यायचं नाही. मग तो दातांत धरून बसायची, आणि बोलता येईना म्हणून गुणगुणायची. मी एकदा म्हटलं, "इरिन्या, खिळ्याला अडकव ना तो. इथं माझ्याशिवाय आहे कोण बघायला?" तिनं दात न उघडता मान हलवली आणि डोणीतलं पळीभर गार पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. ती काय गुणगुणायची, प्रार्थना की एखादं नाचाचं गाणं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. अशा राहून गेलेल्या गोष्टी आताशा संध्याकाळी माझ्याशेजारी बाकावर येऊन बसतात.

इकडे सरोवरावरचा बर्फ फुटून वाहून गेला. बर्चच्या झाडांना उंदराच्या कानाएवढी पानं आली आहेत. काल कोकीळ ओरडली आणि मी सवयीनं तुझ्या आजीला हाक मारली. ते असो. ईस्टरच्या दिवशी तू आजीच्या बहिणीच्या, मौरा-आजीच्या टेबलावरून तशी उठून गेलीस, त्यानंतर तुझा आवाज ऐकला नाही. फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. ट्राम चालवणाऱ्यानं फोन उचलू नयेच, हे एका जुन्या ड्रायव्हरला सांगायला नको. पण पत्राला ब्रेक लावता येत नाही, म्हणून हे पत्र.

त्या दिवशीचं दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. मौरानं कांद्याच्या सालांत रंगवलेली लाल अंडी, मनुका घातलेला चक्क्याचा गोड पाशा, आणि तू पिवळ्या स्वेटरमध्ये दारातून आत आलीस ती खुळखुळतच. गळ्यात तुर्कस्तानहून आणलेला निळ्या डोळ्याचा मणी, थोर नावाच्या जुन्या देवाचा हातोडा, आणि त्या दोघांच्या मधोमध आजीचा क्रूस. कानांत ते हिंदूंचं वळणदार अक्षर. जत्रेत घेतलंस तेव्हा तू मला सांगितलं होतंस, की हे अक्षर नाहीच, आजोबा, ही गुणगुण आहे, जग सुरू होण्याआधीची. मला ते फार आवडलं होतं. मौराला मात्र तुझा गळा बघूनच ठसका लागला. "देव म्हणजे काय किल्ल्यांचा जुडगा आहे? दिसला तो अडकवला!" तू हसून म्हणालीस, "मावशी-आजी, मला छान वाटतं म्हणून घालते." "विश्वास आहे का तुझा त्याच्यावर?" "नाही," तू म्हणालीस. खरं बोललीस. तुझ्या बाबाचा बाप्तिस्मा आमच्या लुथरच्या चर्चमध्ये झाला, तुझा तर कुठेच झाला नाही. "मग काढ तो. क्रूस अंगाला लागायला हवा, लोकांच्या डोळ्यांना नाही. आमच्यात तो कपड्यांच्या आत असतो." तू म्हणालीस, "आजीनं दिलाय मला." आणि मौरा म्हणाली, "दिला नाही. सांभाळायला दिला होता."

ते वाक्य तुला कुठे लागलं ते मी पाहिलं. तू शांतपणे क्रूस काढलास, अंड्यांच्या टरफलांशेजारी ठेवलास आणि कोट घेऊन गेलीस. त्या क्षणी तुझ्या या आजोबानं काय केलं, तर म्हणाला, "कॉफी गार होतेय." अठ्ठावन्न वर्षं कारेलियाच्या माणसांत काढली, तरी आयत्या वेळी मला एवढंच सुचतं.

तू गेल्यावर मौरानं तो क्रूस माझ्या मुठीत कोंबला. तुला माहीत आहे, त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात माणसाला क्रूसासकट पुरतात. "तिच्याबरोबरच जायला हवा होता," ती म्हणाली. "पेटी बंद करताना तुझे डोळे कुठे होते? आता तरी तिच्या कबरीत पूर, म्हणजे ती निजेल." मग रोज सकाळी तिचा फोन. "पुरलास का रे, ड्रायव्हर?" "अगं, जमीन गोठून दगड झालीय." "मग मऊ झाली की पूर. आणि विसरलो म्हणून सांगू नकोस, मी तुला ओळखून आहे." तूलिया, आयुष्यात पहिल्यांदा मी थंडी लांबावी म्हणून खिडकीशी उभा राहिलो. लहानपणी आमच्या शाळेतल्या हिल्माबाई आम्हाला शेगडीजवळ उभं करून वसंताच्या कविता म्हणून घ्यायच्या. त्या सगळ्या कवितांच्या उलट मी बोलत होतो. ये रे बर्फा, अजून थोडा ये.

कारण मला ठरवता येत नव्हतं. मौरा आजीची थोरली बहीण, तिच्या देवाची वाट तिला ठाऊक. मी नावापुरता लुथरचा, रविवारी चर्चऐवजी बस धुणारा. कोणी काय घेऊन निजावं, यात मी कोण बोलणार? आणि क्रूस पुरला, तर तुझं ते "आजीनं दिलाय" त्याच्याबरोबर पुरलं जाणार, हेही दिसत होतं. ज्या पोरीनं चोरी केली नाही, तिच्या हातातून मी तो कायमचा काढून घेणार होतो.

गेल्या मंगळवारी बटाटे लावायची कुदळ घेऊन मी कबरीपाशी गेलो. माती अशी भुसभुशीत झालेली, की कुदळ आपोआपच आत गेली. सबब संपली. एवढ्यात शेजारच्या कबरीवरचा पालापाचोळा काढणारी एक बाई म्हणाली, "फुलं लावताय का? घाई करताय हो. रात्री अजून गोठतंय." "हो, घाईच होतेय," मी म्हणालो, आणि असा काही हलका झालो म्हणून सांगू! खळगा बुजवला, क्रूस खिशात टाकला आणि तसाच चिखलाच्या बुटांनी मौराकडे गेलो.

तिनं बूट पाहिले, मला पाहिलं. "पुरलास?" "नाही. आणि पुरणारही नाही असं वाटतंय." मला वाटलं आता भांडी उडतात. तर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मग लपवून तरी ठेव. पोरीला परत देऊ नकोस." "का गं?" "ती ट्राम चालवते. ट्राममध्ये कोणीही चढतं." मला काही अर्थ लागेना. ट्रामचा आणि देवाचा काय संबंध? मग हळूहळू, खिडकीबाहेर बघत, तिनं जे सांगितलं ते इतक्या वर्षांत तुझ्या आजीनंही मला सांगितलं नव्हतं, जी कोकिळेच्या पिसापासून शेजारणीच्या पोटदुखीपर्यंत सगळं सांगायची.

युद्ध संपलं तेव्हा त्यांचं गाव सीमेपलीकडे, रशियात गेलं. या दोघी आईबरोबर एका परक्या गावात शेतकऱ्याच्या पडवीत राहायला आल्या. गाव लुथरचं, ऑर्थोडॉक्स म्हणजे रशियन असं धरून चालणारं. शाळेच्या वाटेवर पोरं टपून बसायची. "ए रशियन, दाखव तुझी खूण!" म्हणून कॉलर ओढायची. रशियनांनीच घरादारातून हाकललेल्या पोरींना रशियन म्हणायची, बघ! एकदा एकानं इरिन्याच्या गळ्यातला दोराच पकडला आणि खेचला. दोरा तुटला नाही, मान कापली. तुझ्या आजीच्या मानेवर मागे एक बारीक पांढरी रेघ होती. मी ती आयुष्यभर पाहिली आणि मला वाटायचं, साखळीचा वळ असेल. त्या रात्री अकरा वर्षांच्या मौरानं बहिणीचा क्रूस आतल्या बनियनला टाके घालून शिवून टाकला, म्हणजे वाजणार नाही, दिसणार नाही. "कोणाला दाखवलास तर बघ," असा दम दिला. "ती रडली," मौरा म्हणाली, "पण मग कधीच दाखवला नाही. माझं ऐकलं तिनं."

म्हणजे ते टेबलावरचं सगळं, किल्ल्यांचा जुडगा, अंगाला लागायला हवा, हे खोटं नव्हतं, पण वरचं होतं. खाली एक मुलगी शाळेच्या वाटेवर धाकटीचा हात धरून उभी होती. पिवळ्या स्वेटरवर तिला तुझा क्रूस दिसलाच नव्हता. तिला तुझी मान दिसत होती.

आणि तेव्हा मला हॉस्पिटलातली संध्याकाळ आठवली. आठवतं तुला, त्या मोठ्या यंत्रात घालण्याआधी आजीला अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं, आणि तिनं क्रूस तुझ्या हातात दिला, "धर गं जरा"? हरवू नये म्हणून तू तो गळ्यात घातलास, स्वेटरवरून. तिला परत आणलं, तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि मागितला नाही. तू निघून गेल्यावर मी विचारलं, "तो पोरीकडेच राहिला, उद्या आणायला सांगू?" ती म्हणाली, "राहू दे. तिच्या गळ्यात तो मला दिसतो. माझ्या गळ्यात असताना मला कधी दिसलाच नाही." मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. मी तिची उशी सारखी केली आणि दिवा मालवला.

हे मी मौराला सांगितलं. तिनं काठीच्या टोकानं जमिनीवरचा माझ्या बुटांचा चिखल खरवडला. मग म्हणाली, "ट्राममध्ये कोणी काही बोललं तर पोरीला?" मी म्हटलं, "मौरा, आता कोणाला ओळखूही येत नाही ते. गाणी म्हणणारी पोरं-पोरी असले क्रूस डझनानं घालतात. फॅशन आहे." "फॅशन?" असं म्हणाली, जणू मी तिच्या ताटात बेडूक ठेवला. "सगळा जन्म मी ज्याला भ्यायले, त्याची फॅशन झाली?" आणि तूलिया, ती हसायला लागली. खांदे हलवत, डोळे पुसत, नव्वदीची बाई शाळकरी पोरीसारखी हसत होती. मग एकदम थांबून म्हणाली, "जा आता घरी. जमीन चिखलाची केलीस." क्रूसाचं काय करायचं ते बोलली नाही. तेव्हापासून तिचा रोजचा फोनही आला नाही.

हिल्माबाईंच्या एका कवितेतल्या दोन ओळीच मला अजून पाठ आहेत: परक्या खिडकीत दिवा जळे, वाट मात्र माझी उजळे. पुढचं विसरलो, पण मला तेवढ्यावर आयुष्य काढता आलं. तुझ्या आजीच्या देवाला मी कधी भेटलो नाही, तिच्या गुणगुणीशेजारी मात्र दर शनिवारी बसलो. म्हणून आता मौराच्या होकाराची वाट न पाहता ठरवलंय. या पत्राबरोबर एक काडेपेटी येईल, तिच्यात कापसात गुंडाळलेला तुझा क्रूस. तुझा, सांभाळायला दिलेला नव्हे. निळ्या मण्याशेजारी घाल, हातोड्याशेजारी घाल, विश्वास असो की नसो, पण स्वेटरवरून घाल. एवढंच सांगायला हे सगळं लांबण लावलं. मौरा रागावली तर रागवू दे, तिला मी—

थांब. अंगणात टॅक्सी थांबलीय. चर्चला जाण्याखेरीज चार वर्षांत जिनं स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडला नाही ती मौरा काठी टेकत पायऱ्या चढतेय, दर पायरीला मला शिव्या देत. दार उघडून आलो. ती इथेच उभी आहे, धापा टाकत. तिच्या काळ्या कोटावर, अगदी वर, सगळ्या जगाला दिसेल असा तिचा स्वतःचा क्रूस आहे. दोऱ्याला अजून शिवणीचे धागे चिकटलेत. "कोणाला लिहितोयस, पोरीला? मग हेही लिही," ती म्हणतेय. "शनिवारी ये म्हणावं. आणि सौनात तो दातांत धरायचा, नाहीतर छाती भाजेल."

तुझाच आजोबा,
आह्ती