कापलेल्या फोटोतला हात

२ फेब्रुवारी, सोमवार

आज प्रेसमध्ये सह्यांचा कागद फिरला. कॉलेजच्या मैदानावरच्या नव्या इमारतीला सरांचं नाव द्यावं – खाली सह्या. कागद फिरवणारा आमचा ढोल. कटिंग मशीनवर असतो, तोंड दिवसभर वाजत असतं, म्हणून ढोल. कॉलेजात असताना सरांच्या हाताखाली पळायचा.

सगळ्यांनी केल्या. कुणी वरचा मजकूर वाचलासुद्धा नाही. माझ्यापुढे आला तेव्हा मी पुठ्ठ्याला खळ लावत होतो. हात खराब आहेत म्हणालो. ढोल म्हणाला, "मग अंगठा उठवा की, बुवा!" सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो? तेव्हापासून तोंड कडू झालंय.

सरांनी पुष्कळ केलं, नाही कोण म्हणतो? अनवाणी पोरं त्यांनी पळवली, मोठी केली. आणि त्यांच्याच शेजारच्या खोलीत संघाचा मालीशवाला वर्षानुवर्षं त्याच पोरांना नासवत राहिला. तो आता तुरुंगात आहे. सर गेल्या वर्षी वारले. चौकशीच्या अहवालात एक वाक्य आहे – एका मुलाने प्रशिक्षकांना हे सांगितले होते. नाव नाही. सगळ्या शहराच्या मते तो मुलगा खोटारडा.

तो मुलगा माझा धाकटा भाऊ. आता पस्तिशीचा आहे. आमच्याच पुढच्या खोलीत बसून पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. पळायचं त्याने तेव्हाच सोडलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

न्हाव्याकडे गेलो. वस्तरा गळ्यावर, म्हणजे आपण गप्प – आणि त्याचं सुरू. गेलेल्या माणसाला किती छळायचं? पोरांना इतक्या वर्षांनी बरं आठवलं! पैसे उकळायचे असतील.

पैसे! धाकट्याने एक दमडी मागितली नाही. स्वतःचं नावसुद्धा पुढे येऊ दिलं नाही.

घरी आलो तर मेहुणा पेपर घेऊन बसलेला. वाचकांचा कौल छापून आलाय, बहुतेक लोक सरांच्या बाजूने. त्याने मोठ्याने वाचून दाखवला. पलीकडच्या खोलीत धाकटा तार गुंडाळत होता. गुंडाळण्याचा आवाज थांबला नाही. ही उठली आणि स्वतःच्या भावाच्या पुढ्यातली बशी उचलून आत घेऊन गेली, अर्धी खाऊन झालेली. मेहुण्याला काही कळलं नाही. ही मात्र बरोबर वागली.

कौल कशाचा घेतात? नाव द्यायचं की नाही, एवढ्याचाच ना? पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय शिरतं – हे झालंच नाही! घडलेली गोष्ट हात वर करून पुसता येते काय?

४ फेब्रुवारी, बुधवार

गौरव अंकाचं काम आमच्याच प्रेसला आलं. रविवारी समारंभ. आता रविवारपर्यंत मी सरांच्याच घड्या घालणार, सरांनाच शिवणार, सरांनाच चिकटवणार.

मधे फोटोचं वेगळं पान आहे, जाड चकचकीत कागदाचं. जुना संघ. धाकटा मधल्या रांगेत, केस तेल लावून बसवलेले. आईने लावलं असणार. उजव्या टोकाला ढोल – तेव्हा काडीपैलवान होता. त्याच्या पलीकडे तो मालीशवाला उभा होता, त्याला संपादकांनी कापून टाकलाय. पण ढोलच्या खांद्यावर त्याचा हात राहिलाय. नुसता हात. मनगटाशी पान संपतं.

ढोलने पान सगळीकडे मिरवलं. "हा मी. काय कमर होती बघा!" हाताबद्दल कुणी बोललं नाही. तोही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याला म्हणालो, मला सांगू दे. निदान प्रेसमधल्या चार माणसांना. मी रोज ऐकतोय, मला सहन होत नाही.

तो म्हणाला, "दादा, तुला नाही सहन होत? मग माझं काय ते बघ आणि गप्प राहा. हे माझं आहे."

मग आपणहून बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. सरांकडे तो संध्याकाळी गेला होता. सांगताना रडला. सरांनी ऐकून घेतलं, हातातल्या घड्याळाला चावी दिली आणि म्हणाले, "दोन फेऱ्या मार, विसरशील." आणि हा गेला. मारल्या दोन फेऱ्या! सरांनी सांगितलं म्हणून!

"चौकशीवाल्यांना एवढंच म्हणालो की सरांना सांगितलं होतं. फेऱ्यांचं नाही सांगितलं. लाज वाटली. सरांनी जे केलं त्याची नाही – मी पळालो त्याची."

हे वाक्य त्याने फक्त मला दिलंय. आता ते मी कुठे ठेवू?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

देवापुढे बसलो. पाठ असलेली एकही ओळ ओठावर आली नाही. देवा, मला त्या मेलेल्या माणसाचा राग येतो. खूप येतो. क्षमा नंतर मागेन.

७ फेब्रुवारी, शनिवार

मालकांना तो हात दिसला. उशिरा का होईना. ढोलला म्हणाले, शिलाईआधी फोटोचं पान उजवीकडून दोन सूत कापून घे. तुझा थोडा खांदा जाईल, पण हात जाईल. बरं दिसत नाही ते.

बरं दिसत नाही! त्यांना टोचलं ते एवढंच.

माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, हात कापाल, पण सरांना माहीत होतं ते कशाने कापाल? ढोलच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. आता हा अंगावर येणार असं वाटलं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "कळलंच नसेल सरांना, बुवा. कळलं असतं तर त्यांनी... नाही. नीट कळलंच नसेल."

ढोलला इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. तरी राग गेला नाही. मूर्ख! भक्त!

८ फेब्रुवारी, रविवार

आज व्हायचा समारंभ पुढच्या रविवारावर गेलाय, शुक्रवारीच कळलं होतं. पाहुण्यांची सोय. धाकटा दिवसभर एकच मोटार उलगडून पुन्हा भरत होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज प्रेसमध्ये आरडाओरडा. फोटोची सगळी पानं बिघडली! ढोलने हात कापला – आणि स्वतःलाही कापलं. पुरा. आता टोकाला दुसराच कुणी मुलगा उभा आहे.

मालक भडकले. "अरे गाढवा, तुझाच फोटो होता ना त्यात?" ढोल म्हणाला, माप सरकलं. मालक म्हणाले, सगळ्या गठ्ठ्यांना सारखंच कसं सरकलं? तो पाती पुसायला लागला. पुन्हा छापायला जाड कागद शिल्लक नाही. तसंच शिवा म्हणाले.

मला आधी बरं वाटलं. मिरवत होतास ना, आता बैस. मग शिवता शिवता मनात येत राहिलं. हा माणूस पाती लावण्याआधी तीनदा माप बघतो. आम्ही त्यावरून त्याची चेष्टा करतो. आणि कापलेल्या पट्ट्या रद्दीच्या पोत्यात नव्हत्या. मी मुद्दाम पाहिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ढोल कामावर आला नाही. मशीन गप्प. सह्यांचा कागदही त्याच्या खणात नाही. मालक मलाच विचारतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी दार वाजलं. ढोल. दाढी वाढलेली. माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ धाकट्यापुढे जाऊन उभा राहिला. शनिवारच्या माझ्या बोलण्यावरून त्याने ओळखलं असणार. मी मधे पडणार होतो.

म्हणाला, "तुला किती फेऱ्या मारायला लावल्या? मला दोन."

धाकट्याने मांडीवरची मोटार खाली ठेवली आणि सतरंजीवर सरकून त्याला जागा केली. मी दार लावून बाहेर येऊन बसलो. आत अजून बोलताहेत.