आठ भाषा, एकहाती

३ मार्च
दातांच्या दवाखान्याचं काम अखेर माझ्याकडे आलं. दवाखान्याच्या दारात आपल्या कंपनीची स्क्रीन असते. पेशंट नाव टाकतो, रिकामी वेळ निवडतो, चिठ्ठी घेतो. आता तीच स्क्रीन आठ भाषांत दिसायला हवी. जमलं तर टीमचा लीड मी, असं साहेब म्हणाले. म्हणजे ‘बघू’ म्हणाले. पण त्यांचं ‘बघू’ मी ओळखतो.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, झाल्यावर सांग. म्हणून सासूबाईंना फोन केला.

४ मार्च
जावई लीड झाले, असं सासूबाईंनी सगळ्या नात्यात कळवलंय. मी खोडून काढलं नाही. मोठ्यांच्या आनंदावर विरजण घालू नये.

७ मार्च
टेस्टिंगवाल्या मॅडम टेबलाशी आल्या. प्रोग्राम एकच ठेवा, स्क्रीनवरचे शब्द तेवढे वेगळ्या फाइलमध्ये काढा, भाषा बदलली की फाइल बदलेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे माझा चांगला प्रोग्राम उसवायचा!
माझी युक्ती सरळ आहे. अख्ख्या प्रोग्रामच्या आठ कॉप्या. भाषा निवडली की तिची कॉपी उघडेल. प्रत्येकीला अपॉइंटमेंटची स्वतंत्र यादी. कोणाचं कोणात मिसळणार नाही. मॅडमना म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, ट्रायलला बघाच.

१२ मार्च
पहिली कॉपी झाली. जेवणानंतर जरा डोळे मिटले. उद्यापासून रोज दोन.

१८ मार्च, दुपार
दुसरी कॉपी चालू. हिच्यात शब्द इतके लांब, की ‘पुढे जा’ बटणाबाहेर लोंबतंय. पुढची भाषा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून अख्खी स्क्रीन उलटवली. घड्याळाचं चित्रही उलटलं. राहू दे. सवय होईल त्यांना.

२५ मार्च
आठही झाल्या. फोन नंबरचा रकाना मोठा करा, असं साहेबांनी मध्येच सांगितलं. एकच बदल, पण आठ ठिकाणी. सहा ठिकाणी केला. बहुतेक.
मॅडम टेस्टिंगला चार दिवस मागतायत. नुसती अडवणूक. साहेबांना सांगितलं, टेस्टिंग झालंय. माझ्यापुरतं झालंच आहे.

२९ मार्च
स्क्रीन लागली. उद्याच्या वेळा भराभर भरतायत. सासूबाईंची दाढ ठणकतेय, म्हणून दहाची पहिली वेळ त्यांना मीच घेऊन दिली. जावयाचं काम डोळ्यांनी बघतील. बायको म्हणाली, आईला खरंच दुखतंय, तिच्यावर प्रयोग नको. मी नुसता हसलो.

३० मार्च
दहाला दवाखान्यात आठ जण. आठही चिठ्ठ्यांवर दहा. एका भाषेत दहाची वेळ भरली तरी बाकीच्या सात भाषांत ती रिकामीच दिसते, हे मॅडमनी डॉक्टरांना समजावलं. सगळ्यांदेखत. डॉक्टर म्हणाले, खुर्ची माझ्याकडे एकच आहे.
आठ जण आठ भाषांत बोलत होते. मला एकच कळत होती, ती सासूबाईंची. गालावर हात धरून त्यांनी विचारलं, जावईबापू, लीड तुम्हीच ना? त्यांचा नंबर लागता लागता दुपार झाली. खोटं कशाला, वाईट वाटलं.
पण चूक डॉक्टरांची. खुर्च्या वाढवायला हव्या होत्या.

३ एप्रिल
काम मॅडमकडे गेलं. लीडही त्याच. शब्द वेगळ्या फाइलमध्ये काढतायत. तोवर दवाखान्याच्या काउंटरवर बसून पेशंटना हाताने वेळ लिहून द्यायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलंय. जबाबदारीची जागा आहे.
पेशंट येतात, दुखऱ्या दाताकडे बोट दाखवतात, मी वेळ लिहितो. भाषेचा प्रश्नच येत नाही. हे साहेबांना सुचवायला हवं.
दुपारी सासूबाई आल्या, दाढ पुन्हा दाखवायला. त्यांची माझी भाषा एकच. त्यांनीही नुसतं बोट दाखवलं.