पहिल्या खुर्चीचा न्हावी

मास्तर, गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला तो बसड्रायव्हर तुमच्या खुर्चीत बसला. म्हणजे माझ्या. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, तरी साउथ साइडवरच्या, काळ्यांच्या वस्तीतल्या आपल्या दुकानात पहिल्या खुर्चीला अजून तुमचीच खुर्ची म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. ज्याची मान मी माझ्या पहिल्याच आठवड्यात नासवली होती, तो हाच माणूस. चोवीस वर्षं तो दर शनिवारी आला, मला "मॉर्निंग, बॉम्बे" म्हणाला आणि माझ्यासमोरून दुसऱ्या खुर्चीकडे गेला. मी सांगलीकडचा, मुंबईत उभ्या आयुष्यात चार दिवस राहिलेला. पण तुमच्या दुकानाने एकदा ठेवलेलं नाव बदलून मिळत नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. बायकोला जवळच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तिच्यामुळे मी या देशात. शाळा नववीत सुटलेली. न्हाव्याच्या लायसन्सच्या पुस्तकावरून, मांडीवर डिक्शनरी ठेवून मी इंग्रजी शिकलो आणि परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो, हे मी त्या दिवशी तुम्हाला तीनदा ऐकवलं. तुम्ही विचारलंत, "न्हाव्यांच्या त्या शाळेत किती कुरळ्या डोक्यांवर हात बसवलास?" एकाही नाही. तिथले सरावाचे सगळे पुतळे सरळ केसांचे होते. "म्हणजे तुला अर्ध्या शहराचे केस कापता येतात," तुम्ही म्हणालात, "आणि ते अर्धं शहर इथे येत नाही." बाकावर नंबर लावून बसलेले सगळे हसले. तुम्ही माझ्या हातात झाडू दिलात.

तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण 'मिस्टर' होता. कचऱ्याची गाडी चालवणारा मिस्टर, कालच तुरुंगातून सुटलेलाही मिस्टर. मानेभोवतीची कागदी पट्टी प्रत्येकाला नवी, आणि ती गुंडाळताना बोट मानेला घासलेलं तुम्हाला चालायचं नाही. हे सगळं का, ते तुम्ही एका सोमवारी सांगितलंत. मिसिसिपीत तुमचे आजोबा न्हावी होते, गोऱ्यांच्या दुकानात. ज्या खुर्चीमागे ते जन्मभर उभे राहिले, त्या खुर्चीत त्यांना स्वतःला एकदाही बसता आलं नाही. ज्या पोरांचं जावळ त्यांनी काढलं, ती पोरं मिशा फुटल्यावरही त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. मग मीही सांगितलं, की माझे आजोबाही न्हावीच. पाटलाच्या अंगणात खाली बसून दाढी करायचे, सुगीला धान्य मिळायचं. पण गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला ते हात लावत नसत. तुम्ही वस्तरा पुसता पुसता थांबलात. "म्हणजे तुझा आजोबा माझ्या आजोबासारखा होता, की त्यांना खुर्चीत बसू न देणाऱ्यांसारखा?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तुम्ही वस्तरा मिटून खणात ठेवलात. "मग तुला माझ्यापेक्षा जास्त विसरायचंय. त्या कोपऱ्यात केर राहिलाय."

पण विसरायचं सोडा, मी तर पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली होती. आमच्याकडे दाढी म्हणजे दोन हात. आधी सुलटा, केसांच्या दिशेने. मग पुन्हा साबण आणि उलटा हात, केसांच्या विरुद्ध, गाल काचेसारखा होईपर्यंत. उलटा हात न फिरवता गिऱ्हाईक उठवलं तर वडील सगळ्यांदेखत शिव्या घालायचे. तुम्ही मला बजावलं होतं, की आमची दाढी कुरळी, खोल कापलेला केस वळून परत कातडीत शिरतो. एकच हात, सुलटा, आणि थांब. त्या शनिवारी तुम्ही फोनवर होतात, ड्रायव्हर माझ्यापुढे मान टाकून बसला होता, आणि मी थांबलो नाही. आरशात बघून तो खूश झाला. गुरुवारी परत आला तेव्हा मानेवर मटारएवढ्या पुटकुळ्या. "युनिफॉर्मची कॉलर आठ तास घासते, मिस्टर," तो तुम्हाला म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मी पुटपुटलो, की माझं इंग्रजी कच्चं, मला कळलं नाही. तुम्ही मध्येच माझं बोलणं तोडलंत. "मी त्याला सांगायला विसरलो. चूक माझी."

तो गेल्यावर म्हणालात, "तुझा हात वाईट नाही. तो कुणाचं ऐकत नाही, हे वाईट." आणि पुढच्या सोमवारी, दुकान बंद असताना, तुम्ही स्वतः खुर्चीत बसलात, मान मागे टाकलीत आणि म्हणालात, "शिक." वर्षभर दर सोमवारी. माझ्या चुकांच्या पुटकुळ्या घेऊन तुम्ही रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचात. एवढी किमती वस्तू मला कुणी दिलेली नाही.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीने पहिली खुर्ची मला दिली. "बाबा सांगून गेलेत," एवढंच म्हणाली. बाकावर कुजबुज झाली, आपल्या दुकानाची पहिली खुर्ची याला? मला राग आला नाही. त्या गल्लीत पूर्णपणे त्यांच्या मालकीचं असं थोडंच उरलं होतं. पण ड्रायव्हर दुसऱ्या खुर्चीकडे वळला की दर शनिवारी मला वाटायचं, या माणसाने मान दिली तरच ही खुर्ची माझी.

दुसऱ्या खुर्चीवर काम करणाऱ्या बाई महिन्यापूर्वी मुलीकडे अटलांटाला राहायला गेल्या. ड्रायव्हर महिनाभर दाढी वाढवून फिरत होता. शनिवारी दारात उभा राहिला. "सोमवारी माझी मुलगी जज्ज म्हणून शपथ घेणार. फोटो निघणार. आमच्या घरातली माणसं कोर्टात नेहमी समोर खालीच उभी राहिली, बॉम्बे. वरच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं." बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मग कॉलर ढिली घाल रे बाबा!" सगळे हसले. तो हसला नाही. येऊन बसला.

नवी पट्टी, गरम टॉवेल, साबण. वस्तरा हनुवटीखाली आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्टर, तेव्हा मास्तरांनी मला सांगितलं होतं. दोनदा. मला कळलंही होतं."

 "वस्तरा गळ्यावर ठेवून सांगतोयस?" तो म्हणाला. मग डोळे न उघडता, "मला माहीत आहे. तो माणूस आयुष्यात काही विसरला नव्हता. तू कधी सांगतोस, याची मी वाट बघत होतो." मी एकच हात फिरवला. सुलटा. आणि थांबलो.

रविवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर, आमच्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, मिठाईच्या दुकानात आमच्या मराठी मंडळातले काका भेटले. इतकी वर्षं ते विचारायचे, "अजून त्या एरियात जातोस? सेफ आहे का रे?" आणि मी इतकी वर्षं "बिझनेस आहे, काका" म्हणून विषय बदलायचो. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, लाज वाटायची, आधी धंद्याची आणि मग त्या लाजेची. या रविवारी मात्र लाइनमधल्या आठ-दहा मराठी माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, "न्हावी आहे मी, काका. बापजाद्यांपासून. साउथ साइडला, पहिल्या खुर्चीवर." काकांनी बर्फी उचलली, परत ठेवली. "बरं बरं," म्हणाले. "माझी कटिंग करशील का?" म्हटलं, "या की. शनिवारी गर्दी असते, बाकावर बसावं लागेल."

आज गुरुवार. ड्रायव्हर दुपारी येऊन गेला, फक्त फोन दाखवायला. फोटोत काळ्या झग्यातली त्याची मुलगी, हात वर केलेला, आणि मागे तो, टाय गळ्याशी घट्ट. त्याने कॉलर खाली ओढून मान माझ्यासमोर धरली. मी चष्मा लावून बघितली, दोन्ही बाजूंनी. एकही पुटकुळी नाही. "शनिवारी, साडेनऊ," तो म्हणाला आणि गेला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मराठीत आहे, तुम्हाला वाचताही आलं नसतं. खणात तुमच्या वस्तऱ्याशेजारी ठेवतो. फक्त एक कबूल करतो, मास्तर. रोज सकाळी घरी आरशासमोर, स्वतःच्या गालावर, मी अजून उलटा हात फिरवतो. वडिलांसाठी.