कंप्यूटरची चंद्रकळा

मु. भोंगवली

रतनबाई वन्सं, तुमची धाकटी भावजय अंबू पाया पडते. गुडघे कसे हायेत? म्हस व्याली का? आंबवड्याच्या देवळातला भोंगा दुरुस्त झाला का? समदं सवडीनं कळवा. आमी हितं बरे हाओत. फोन केला असता, पण फोनवर तुमी मला बोलू देत न्हाई. कागदाच्या मधी कुणाला बोलता येत न्हाई, म्हणून लिहिते.

तुमची भाचेसून अश्विनी पुण्याच्या कंपनीचं काम घरातनंच करती, हे तुमाला ठावं हाय. आमचा सोमनाथ दिवसभर कामावर, आन ही माजघरात कंप्यूटरपुढं. पडदा म्हणाल तर काळाकुट्ट, त्यावर मुंग्यांवाणी अक्षरं. हे काय म्हणून इचारलं तर म्हणली, टर्मिनल. (मला वाटलं यष्टीचं. ते न्हाई म्हणे.) आन तळाला एक राखेच्या रंगाची पट्टी, तिला म्हणायचं स्टेटस बार. स्टेटस म्हणलं की मला मोबाईलवरचं म्हाईत, सकाळी उठून देव टाकायचा. म्या म्हणलं, मग ह्यात खंडोबा टाक. तर त्यात देव बसत न्हाई. येळ, बॅटरी, आन केलेलं काम नीट झालं का बिघडलं, एवढंच दिसतं. रंग तेवढे आपल्या मनाचे घालता येत्यात म्हणली. हे तिनं बोलायला नको होतं.

म्या सरळ खुर्ची ओढली. अवो, काळं अंग आन राखेचा काठ, असली चंद्रकळा कुणी फुकट दिली तरी म्या घेणार न्हाई. म्हणलं, काठ मोरपंखी कर. तर त्या यंत्राला मोरपंखी कळंना. त्याला रंगाचं नाव नको, आकडा पायजे, आन आकड्यात मधीच इंग्रजी अक्षरं. (भोरच्या साडीच्या दुकानात असलं काय मागितलं तर हाकलून देतील.) ती आकडे घाली आन पट्टी कधी दवाखान्याच्या भिंतीसारखी, कधी बुरशी धरल्यासारखी. शेवटी म्या पेटीतनं सोमनाथच्या लग्नातली साडी काढून खुर्चीवर टाकली. काठाचा फोटो काढून तिनं त्यातनंच रंग उचलला. मग घड्याळाला आंबा रंग, बॅटरीला डाळिंबी, तिच्या नावाला अबोली. सैपाक राहिला तसाच. तुमचे भाऊ जेवायला आले ते दारातनंच म्हणले, कंपनीचं हळदीकुंकू मांडलंय काय. म्या म्हणलं, भाकरी दुरडीत हाय, कोरड्यास गरम करून घ्या.

हितवर समदं गोड. मग अश्विनी म्हणली, काम नीट झालं की हिरवं दिसतं आन बिघडलं की लाल. माजं टाळकंच सरकलं. कुंकवाचा रंग वाईट बातमीला? ज्यानं हे ठरवलं त्याच्या घरात बाईमाणूस न्हवतं काय? उलटं कर म्हणलं. तिनं बी केलं. (पोरगी गुणाची हाय, पण तिच्या तोंडावर सांगू नका.) नीट झालं की लाल, बिघडलं की भुरकं.

आता ऐका. सोमवारी तिला साहेबांना काम दाखवायचं होतं. पसंत पडलं तर घरातनं करायची परवानगी कायम, न्हाईतर फुडल्या महिन्यापासनं रोज पुण्याचं हापिस, म्हंजी दोघं तिकडंच खोली घेणार. (मला त्याचं काय न्हाई. जायचं त्यानं जावं.) म्या चहा घेऊन दारात उभी. पडद्यावर साहेब आन आणखी कोणकोण, आपापल्या चौकटीत. अश्विनीनं आपला काळा पडदा तिकडं दाखवत काम चालवलं आन खाली लाल, पुन्यांदा लाल, परत लाल. ही खुशीत. तिकडं साहेबांचं तोंड उतरलं. थांबा म्हणले, समदंच पडलंय. चौकटीतली पोरं चूक हुडकाय लागली. एकानं तर माझ्यामुळंच झालं असंल म्हणून माफी बी मागून टाकली. अश्विनी म्हणती, सर, समदं पास हाय. साहेब म्हणत्यात, मग लाल का? मला ऱ्हावलं न्हाई. चहा खाली ठेवला, हिच्या चौकटीत तोंड घातलं आन म्हणलं, “साहेब, बायकोच्या कपाळाला तुमी हिरवं लावता व्हय?”

मला वाटलं, गेली पोरगी पुण्याला. मग कुणीतरी फसकन हसलं, आन मग साहेबच हसाय लागले, चष्मा काढून डोळं पुसत. म्हणले, काम पसंत हाय, घरातनंच करा, फकस्त आमाला दाखवताना कंपनीचे रंग लावत जा. आता त्यातली निम्मी पोरं आपापल्या आईच्या साड्यांचे फोटो काढत बसल्यात म्हणे. म्या त्या दिवशी पुरण घातलं. सण कुठला, ते इचारू नका.

दाजींना नमस्कार सांगा.

तुमची,
अंबू

ता.क. – हे पत्र अश्विनीच्याच हातानं धाडलंय. तुमी वाचताय तवा ती बॅग घेऊन दारात उभी असंल, आधी तिला पाणी द्या. पाइपलाइनीच्या खोदाईत आमच्या गावची नेटची तार तुटली, आठ दिवस लागतील म्हणत्यात. तुमच्याकडं नेट हाय. तिला आतली खोली द्या आन काम चालू असताना गप ऱ्हावा. जमंल का म्हणून इचारत न्हाई, कारण ती आलीच हाय.

ता.क. दुसरं – तुमची लेक प्रेरणा नांदायला गेल्यापासनं तुमाला घरात करमत न्हाई, हे मला ठावं हाय. म्हणून आधीच सांगते, लळा लावू नका. आठ दिवस म्हंजी आठच दिवस. नवव्या दिवशी भोंगवलीत ती यष्टीतनं उतरली न्हाई, तर त्याच यष्टीत म्या चढंन.